सगळा देश पनवेलवर टांगलेला

"नाव नंतर सांग. आधी गाव."

पनवेलच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेशाला आलेल्या प्रत्येक मुलीला हेडक्लार्क काका हेच म्हणायचे. गाव कळलं की मागे वळून पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या भारताच्या नकाशात टाचणी टोचायचे. मुलगी कोट्टायमची असो नाहीतर इंफाळची, टाचणी लागल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. नव्वद सालच्या आसपास मी तिथे टायपिस्ट होतो.

एक मुलगी कुवेतहून आली. ते या नकाशात कुठून असणार? काकांनी फूटपट्टीने अंतर मोजून शेजारच्या कॅलेंडरवर टाचणी टोचली. दर महिन्याला पान उलटलं की कुवेत नव्याने वसवावं लागे. फौजीच्या एका मुलीने आठ गावं सांगितली, तिला आठ टाचण्या मिळाल्या. पुढे टाचण्या मोजून मुलींचा वार्षिक तक्ता वर गेला, त्यात सात मुली जास्त भरल्या आणि प्राचार्यबाईंनी काकांना चांगलंच झाडलं. काका शांतपणे म्हणाले, "बाई, मग उरलेल्या सात जणींनी जायचं कुठे?"

टाचणी नव्हती ती फक्त पनवेलला. तिथे खिळा होता. 'आपण इथेच तर आहोत' म्हणून काकांनी नकाशा नेमका पनवेलवर ठोकला होता. त्यामुळे आसाम कायम खाली झुकलेलं असे. तालुक्यातली एकही मुलगी कॉलेजात नव्हती, त्यामुळे खिळ्याची कुणाला अडचणही नव्हती.

एका जुलैत, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, पनवेलजवळच्याच नेऱ्याच्या वरच्या कातकरी वाडीतली मुलगी बापाला घेऊन आली. आश्रमशाळेत शिकून चांगल्या गुणांनी बारावी झालेली. काकांनी गाव विचारलं.

"गाव नाय सायेब," बाप म्हणाला. "दिवाली झाली का वीटभट्टीवर, पावसात वाडीवर."

रहिवासी दाखला नव्हता. पाचच्या आत तो आला नाही तर मुलीची जागा गेली. काका छत्री उचलून बापाबरोबर एसटीने नेऱ्याला गेले. मुलगी बाकावर बसून राहिली. तिच्याकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो. पावणेपाचला काका आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात. सरपंच भाताच्या लावणीला गेले होते, सही बांधावरच घेतली होती.

दाखला अर्जाला लागला. काकांनी टाचणी उचलली आणि खिळ्यापाशी थबकले. मग पक्कड आणून त्यांनी खिळाच उपटला. नकाशा धाडकन खाली आला आणि टाचण्या फरशीभर झाल्या. एकटं कुवेत जागेवर राहिलं. हॉस्टेलच्या मुली धावत आल्या, आपापलं गाव सांगून टोचून गेल्या.

सगळ्यांत शेवटी त्या मुलीने आपली टोचली. तरी काकांच्या हातात एक टाचणी उरली.

"काका, तुमचा गाव कंचा?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मला लाज वाटली.

"माझं नावच विचार, बाळ," काका म्हणाले. "गाव धरणात गेलं."

तिने टाचणी त्यांच्या हातातून घेतली. "आमच्या वाडीत जागा हाय," म्हणाली आणि स्वतःच्या शेजारी टोचली.

नकाशा मग चार कोपऱ्यांना चार खिळे मारून लावला. आसाम वर आलं. काका निवृत्त झाले, पुढे वारले. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा नकाशा उतरवायचं काम माझ्याकडेच आलं. बाकीच्या टाचण्या पटापट निघाल्या. नेऱ्याजवळच्या दोन गंजून एकमेकींना धरून बसल्या होत्या. मी त्या तशाच ठेवल्या.