गुळाचं जपानी गिऱ्हाईक

मंगळवार पेठेत मी घरी जपानी शिकवते. येतात ते बहुतेक फौंड्रीतले इंजिनियर. डोळ्यांत ओसाकाची स्वप्नं आणि क्लासला दांड्या. त्यामुळे मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी सकाळी दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, मुलाच्या क्लासची चौकशी असेल. साठी ओलांडलेली, डोक्याला पांढरी टोपी, कपाळाला भस्म. मराठी आणि कन्नड सारख्याच मोठ्या आवाजात बोलणारे. सगळं यार्ड त्यांना अण्णा म्हणतं.

"बाई, जपानचं पावणं येणार हायत, गूळ बघायला. तुमी आमच्या मधी बसायचं."

मी हो म्हटलं. मग खरी मागणी आली. पाहुण्यांचं स्वागत त्यांच्या भाषेत करायचं, आणि तेही अण्णांनी स्वतःच्या तोंडानं. मी त्यांना 'इराश्शाइमासे' शिकवलं. म्हणजे 'या, यावं'. थोडा वेळ जिभेशी झटापट झाली आणि अण्णांचा चेहरा उजळला.

"बसलं बघा ध्यानात. इरसाल म्हशी!"

"अहो, तसं नाही."

"जवळजवळच हाय की!"

पाहुणे आले. मिठाईच्या कंपनीतले एक वयस्कर साहेब आणि त्यांची तरुण सहकारी. अण्णांनी घराच्या दारातच हात जोडले आणि गल्ली दणाणेल अशी आरोळी ठोकली, "इरसाल म्हशी!" साहेब कमरेत वाकले. अण्णा त्यांच्यापेक्षा खाली वाकले. मग साहेब आणखी खाली. समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त वाकू द्यायचं नाही असं दोघांनीही ठरवलं होतं, त्यामुळे अण्णांची टोपी जमिनीवर पडली तेव्हाच ते थांबलं.

"उच्चार फार चांगला आहे," साहेब म्हणाले. मी भाषांतर केलं. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता क्लास त्यांनीच चालवावा.

बिद्रीजवळच्या एका गुऱ्हाळातून त्यांनी मुद्दाम गूळ करून आणला होता. फिकट सोनेरी ढेपा, खाली जरीचा शेला, वर गुलाबाच्या पाकळ्या. साहेबांनी तुकडा घेतला, हुंगला, जिभेवर ठेवला आणि सावकाश म्हणाले, "फारच सुंदर. आम्ही विचार करू."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी लगेच बायकोला हाक मारली, "अगं, पेढं आण!"

मी त्यांच्या कानाशी लागले. "अण्णा, त्यांच्याकडे 'विचार करू' म्हणजे नको."

"मग नको म्हणाय काय झालंय?"

"तसं तोंडावर म्हणत नाहीत."

"मग आमाला कळायचं कसं?" अण्णा कुजबुजले. त्यांची कुजबूज रस्त्यापर्यंत गेली. सहकारी मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. तिला मराठी येत नव्हतं, पण सूर कळायला भाषा कशाला लागते?

एवढ्यात अण्णांच्या बायकोनं, सगळे त्यांना अक्का म्हणतात, चहा आणला. साहेबांनी घोट घेतला आणि कप तसाच धरून राहिले. मग विचारलं, "यात काय घातलंय?"

"गूळच," अक्का म्हणाल्या. "घरातला."

साहेबांना तो बघायचा होता. अण्णा डोळ्यांनी खुणावत होते, मान हलवत होते, पण अक्कांनी आतून पत्र्याचा डबा आणलाच. आत काळाकुट्ट, चिकट, ओबडधोबड गूळ. साहेबांनी खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. दक्षिणेकडच्या एका बेटावर त्यांचं लहानपण गेलं होतं. तिथं असाच काळा गूळ होतो, आई चहाबरोबर हातावर ठेवायची, असं ते सांगू लागले. सांगताना आवाज जरा ओला झाला.

"ह्यो?" अण्णांना राहवलं नाही. "ह्यो आमी व्यालेल्या म्हशीला घालतो!"

साहेब भाषांतराची वाट बघत माझ्याकडे वळले. मी एक खोल श्वास घेतला. "ते म्हणतात, हा गूळ आम्ही घरातल्या बाळंतिणीसाठी राखून ठेवतो."

साहेब पुन्हा वाकले. या वेळी अक्कांपुढे.

त्यांना तोच गूळ हवा होता. तसाच काळा, रंग उजळायची कसलीही पावडर न घालता. अण्णांनी होकार दिला, पण घरच्या पोरीला सोडून मोलकरणीला मागणी आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. अक्का मात्र पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही गुऱ्हाळावर गेलो. तिथला गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा, उभं आयुष्य गूळ पिवळा करण्यात घालवलेला माणूस. काळा कर म्हटल्यावर त्यानं अण्णांना आधी सावलीत बसवलं आणि पाणी दिलं.

"अण्णा, डाक्टरकडं जाऊन आलाय न्हवं?"

समजूत घालायला दुपार गेली. माल तयार झाला, डबे भरायचे होते, गाडी येऊन उभी होती. जपानला पाठवायला फोटो हवा होता, म्हणून मी गुळव्याला काळ्या ढेपांशेजारी उभं राहायला सांगितलं.

"माझी सासुरवाडी हितंच हाय, बाई. कुणी बघितलं तर?" तो म्हणाला, आणि पलीकडच्या पिवळ्या ढिगाशेजारी जाऊन ताठ उभा राहिला.