हिरव्या कोटाचा पुरावा

सांगलीहून सकाळच्या एस.टी.नं निघालो तेव्हा मांडीवर पोळ्यांचा डबा होता. त्यात पोळ्या नव्हत्या. कापसात गुंडाळलेले, लाल कोटातले शिशाचे गारदी (पेशव्यांचे कवायती बंदूकधारी शिपाई) होते, बोटाच्या पेराएवढे. असे शिपाई रंगवायचे, टेबलावर फौजा मांडायच्या आणि फासे टाकून लढायचं, हा माझा आणि वसंतरावांचा निवृत्तीतला उद्योग. घरच्यांनी केव्हाच हात टेकलेत.

वसंतरावांनी आपले गारदी हिरवे रंगवले. मी म्हटलं, कोट लाल. ते म्हणाले, पुरावा दाखवा. आमचा नियमच आहे: ज्या पलटणीच्या रंगाला पुरावा नाही, ती टेबलावर येत नाही. पुरावा दोघांकडेही नव्हता. मग डाव बंद, आणि हळूहळू बोलणंही. रविवार खायला उठू लागला. गावात आपल्याला दुसरा मित्र नाही, हे मला या वयात कळलं. म्हणून पुरावा शोधायला पुणं.

कात्रजला गाडी अडकली ती अडकलीच. शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे म्हणून विचारलं. मी झाकण उघडून शिपाई दाखवले. त्यांनी पर्स उचलून खिडकीच्या बाजूला ठेवली.

स्वारगेटजवळ खिचडी-काकडी (साबुदाण्याची खिचडी आणि काकडीची कोशिंबीर) खाल्ली. खिचडी मोकळी, कोशिंबीर गार. आणखी थोडी कोशिंबीर मागितल्यावर वाढप्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी बिल देऊन उठलोच.

पेठेतल्या एका लहानशा खासगी संग्रहालयात पोचलो. तिथले गृहस्थ पेपर वाचत होते. मी येण्याचं कारण सांगितलं.

"म्हणजे आपण खेळण्यातल्या शिपायांसाठी आलात," ते म्हणाले.

"हो."

"नातवाच्या?"

"माझ्या."

त्यांनी पेपराची घडी घातली आणि मला आत नेलं. निशाणं बरीच होती, भगवी, जरीची, कसर लागलेली. कोट एकच होता, काचेच्या कपाटात. खाली चिठ्ठी: 'गारद्याचा कोट (प्रतिकृती)'. कोट हिरवागार होता. प्रतिकृती कशावरून केली, एवढं तरी मी विचारलं. ते म्हणाले, शिवणाऱ्या बाई हडपसरला असतात, त्यांनाच विचारा, आम्ही फक्त काच पुसतो.

हडपसरला बसनं गेलो. उतरताना डबा हातातून निसटला आणि दोन गारद्यांच्या संगिनी वाकल्या. बाईंचं नाव सरिताताई. मिरवणुकांना आणि शाळांना ऐतिहासिक पोशाख भाड्यानं देतात. दुकानात मावळे, इंग्रज आणि भाजीपाल्याचे पोशाख एकाच दांडीवर टांगलेले. मी कोटाचा विषय काढला.

"मोबाइलवर गारदी टाकलं, तर हाच फोटो पहिला आला," असं म्हणत त्यांनी फोन पुढे केला. "बटणं काय स्वच्छ दिसतात बघा."

फोटोत एक हिरवा गारदी होता. त्याच्या पायाखाली चकती होती. चकतीखाली आंब्यांचं मेणकापड, आणि ते मी ओळखत होतो. त्यावर मी वसंतरावांकडे शेकडो वेळा चहा सांडलाय.

"अहो, हे खेळणं आहे," मी म्हणालो.

"असू दे की. तसे पन्नास शिवलेत. मिरवणुकीत ढोलाच्या मागं नाचतात ना, सगळे हेच घालतात. तक्रार एकाचीही नाही."

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात भाषण पाठ केलं. वसंतरावांचा हिरवा रंग हवेतून आला होता आणि त्यांनीच नेटवर टाकलेल्या फोटोवरून पुण्यात जाऊन काचेत बसला होता. त्यांना तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही, असं ठरवलं होतं. थेट त्यांच्याच घरी गेलो आणि सगळं भाषण म्हणून टाकलं.

वसंतरावांचा चेहरा पडेल म्हणून मी वाट बघत होतो.

"कापड बरं होतं का?" त्यांनी विचारलं.

"चांगलं होतं."

"आणि खरी माणसं घालतात?"

"घालून नाचतात."

ते हसले. इतक्या आठवड्यांत तो आवाज ऐकला नव्हता, आणि मला फार बरं वाटलं. ते उठले, टेबलावरची वर्तमानपत्रं बाजूला केली आणि हिरवी पलटण मांडायला घेतली. मी नियमाचं नावही न काढता समोर लाल पलटण मांडली, वाकलेल्या संगिनींसकट. मध्यरात्र व्हायच्या आत त्या हिरव्यांनी माझी डावी फळी कापून काढली.