खाटाबाई आणि चहाचे कप

पाच दवाखान्यांचे फोन एकाच खोलीत यायचे, आणि तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर आमच्या खाटाबाई बसायच्या. कुठल्या पेशंटला कुठे खाट द्यायची हे त्या ठरवायच्या, म्हणून हे नाव.

वॉर्डच्या सिस्टर मात्र एकेक बेरकी. अडीअडचणीला असावी म्हणून प्रत्येकीने एखाददुसरी खाट दडवून ठेवलेली, आणि फोनवर ठरलेलं उत्तर, "फुल्ल आहे हो!" माझं डोकं फिरायचं. खाटाबाई भांडायच्या नाहीत. त्या आधी त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात फोन लावून, सकाळी वॉर्डात चहा किती गेले ते विचारायच्या. मग सिस्टरला गोडीगोडीने म्हणायच्या, "खाटा वीस आणि चहा अठरा? उरलेले दोघं रुसलेत का गं?" पलीकडे आधी हसू, आणि मग दोन खाटा!

एका सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सिस्टरने आपणहून फोन केला. खाटाबाईंची लेक तिथेच दाखल होती. स्पीकरवर आवाज आला, "आजी झालात हो! मुलगी आहे. दोघी अगदी मजेत."

आम्ही टाळ्या वाजवून खोली डोक्यावर घेतली. खाटाबाईंनी डोळे पुसले, नाक ओढलं, आणि त्यांचा हात सवयीने पेनाकडे गेला.

"खाट कधी रिकामी होईल गं?"

आता या बाईला काय म्हणावं! पण आम्ही काही म्हणायच्या आत पलीकडून लेकच ओरडली, "आई, अजून माझा चहासुद्धा आला नाही!"