यादीत नसलेला प्रश्न

मित्राची कादंबरी सरकारी अनुवाद योजनेत निवडली गेली, तेव्हा मी त्याला पेढा भरवला आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. अर्ज आम्ही दोघांनीही केला होता. आता परदेशी प्रकाशकाला अनुवादाचा खर्च सरकार देणार आणि मेंढपाळांची त्याची गोष्ट जर्मन लोक वाचणार. त्याचे वडील संभाजीनगरात मास्तर. मेंढ्या आमच्या! गंगापूरकडच्या माळांवर माझी आई तीस वर्षं मेंढरांमागं हिंडली, आणि हा तिच्याकडून ऐकून ऐकून लेखक झाला.

मग अनुवाद करणाऱ्या बाईंची प्रश्नांची यादी आली. ती घेऊन तो मुकुंदवाडीला आमच्या घरी हजर.

"मावशी, तुमच्याशिवाय कुणाला विचारू?"

घोंगडीची खोळ कशी करतात? ती डोक्यावरून घेतल्यावर हात मोकळे राहतात का? कळप चरायला गेला की लहान कोकरं कुठं ठेवतात? आई खुलली. खोळ दाखवायला तिनं पलंगावरची चादर ओढली.

"लई बारीक वाचलंय बाईनं," ती म्हणाली. "हिला एकदा आणा इकडं."

तेच मला सहन झालं नाही. अनुदान, परदेशवारी, सगळं त्याला लखलाभ. पण कुठंतरी कुणीतरी त्याची ओळ न् ओळ थांबून थांबून वाचत होतं. माझी कादंबरीही मेंढ्यांवरच आहे. ती येऊन बारा वर्षं झाली. तिच्याबद्दल आजवर कुणी मला एक प्रश्न विचारलेला नाही. खरं सांगायचं तर लिहिताना मीही आईला काही विचारलं नव्हतं. आपल्याच घरातलं, त्यात काय विचारायचं, या तोऱ्यात लिहून मोकळा झालो होतो.

यादी मी वाचत होतो, तो उत्तरं लिहून घेत होता. मध्येच मी माझ्या कादंबरीतलं एक वाक्य सरकवून दिलं. माझं सगळ्यात लाडकं.

"पिल्लू मेलेली मेंढी दुसरीचं कोकरू लगेच पोटाशी घेते, ते कसं?"

आई हसायलाच लागली. "कुण्या येड्यानं लिवलं हे? मेंढी वासावर वळखती. दुसरीचं जवळ आलं की ढुशी मारती. लई खटपट करावी, तवा कुठं घेती."

मित्राचा पेन थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. वाक्य कुणाचं आहे हे त्याला बरोबर ठाऊक होतं. म्हणजे माझं पुस्तक त्यानं नुसतं चाळलं नव्हतं, वाचलं होतं. मी यादीत डोकं खुपसलं.

"मीच लिहिलं, मावशी," तो म्हणाला. "चुकलं माझं. दुरुस्त करतो."

"असू दे रं," आई म्हणाली. "तू शहरातला. तुला कसं ठावं असणार?"

आणि तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चूक माझी होती, तरी हात त्याच्याच पाठीवर फिरला.