बाजारातली पालकसभा

भूमच्या शाळेत सातवीला शिकवणाऱ्या श्रावस्ती मॅडम बाजारच्या दिवशी उन्हात भाजीवाल्यांमधून हिंडतात, कारण पालकसभेला शाळेत कुणी फिरकत नाही. पोरांच्या मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून उपक्रम आलाय: पालकांनी रोज मुलाजवळ बसून बोलायचं. परिपत्रक वरून येतं, घसा मॅडमचा बसतो.

आज वर्गातल्या प्रज्वलची आई, मंदाबाई, वांगी तोलता तोलता म्हणाल्या, "बसले की काल, प्रज्वलजवळ. तुमी सांगितलं तसं."

"मग? काय बोलला?"

"लेकरू घाबरलं, मॅडम. म्हणलं, आई, आज म्या कुणालाबी मारलं न्हाय."

मॅडम तिथंच रिकाम्या पोत्यावर टेकल्या.

"आज पण बसा," त्या म्हणाल्या.