कौसल्याच्या लघवीत काहीच निघालं नाही

धावडा गावच्या बाया तांबडं फुटायच्या आधी रानाच्या कडेला बसून यायच्या, ते पुन्हा दिवेलागणीलाच. मधला दिवस कसाही काढायचा, ही रीत. कौसल्याला मात्र दुसऱ्या बाळंतपणापासून ते जमेना. कळ आली की हातातलं खाली ठेवायलाही सवड नसायची. कधी वाटेतच साडी भिजायची.

सत्त्याण्णव सालच्या हंगामात ती कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर फुलं क्रॉस करायला, म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्याला लावायला, जात होती. बाया ओळीनं लागायच्या आणि कौसल्या ओळ सोडून सारखी शेजारच्या तुरीत शिरायची.

"तुरीत कोण बसवलाय गं?" नंदाबाई विचारायची. "आम्हालाबी दाखव की."

बाया हसायच्या. कौसल्याही हसायची. तेच बोलणं सासूच्या, तुळजाबाईच्या कानावर गेलं तेव्हा त्यातलं हसू गळून पडलं होतं.

तुळजाबाई मागोमाग तुरीत जाऊ लागली. कोणी सापडेना, म्हणून तिचा संशय पक्का झाला. "लई हुशार हाय. चाहूल लागली की पळवून लावती त्याला," ती लेकाला म्हणाली. भुजंगनं बायकोला कासऱ्यानं झोडलं. मार खाता खाताच तिला कळ आली आणि जागेवर झालं.

"आता बरं जागेवर झालं," तुळजाबाई म्हणाली. "आता न्हाई लागली तूर."

कौसल्यानं पाणी पिणंच तोडलं. लघवी लालसर, जळजळीत होऊ लागली आणि कळ आणखीच वाढली. शेवटी पिंपळगाव रेणुकाईहून तिचा भाऊ संपत आला.

"दाजी, एकदा जालन्याला दाखवा. रोग असंल."

"अन् न्हाई निघाला तर?" भुजंग म्हणाला. "तर मंग तिकडूनच तुझ्या घरी ने."

संपत हो म्हणाला.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तुळजाबाईला बाहेर बसवलं, कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तीच देत होती. मग कौसल्याला विचारलं. कळ एकदम येते का? खोकताना होते का? रात्री उठावं लागतं का? चहा किती? बाळंतपणं कशी झाली? एवढं तिला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. पोट तपासलं, आतून तपासलं, लघवी आणि रक्तातली साखर तपासायला सांगितली. लघवी करून आल्यावर मागं किती उरते, तेही सोनोग्राफीत पाहिलं.

बाटली देताना कौसल्या लॅबवाल्याला हळूच म्हणाली, "भाऊ, कायतरी निघू द्या."

"बाई, लोक उलटं मागतात," तो म्हणाला.

जंतू नाहीत, साखर नाही, खडा नाही. डॉक्टरीणबाईंनी खुशीत सगळ्यांना आत बोलावलं. "रिपोर्ट चांगले आले, म्हणून निदान सोपं झालं. हिची लघवीची पिशवी भरायच्या आधीच आवळते. ते रिपोर्टात दिसत नाही. दुसरं काही नाही एवढं बघायचं आणि बाकी हिच्या सांगण्यावरून ओळखायचं. गोळ्या देते. पाणी तोडू नका. कळ आली की थोडं थोडं थांबायची सवय करा."

"म्हंजे रिपोर्टात रोग न्हाई," भुजंग म्हणाला.

"रोग आहे हो. रिपोर्टात नाही."

"तिच्या सांगण्यावरूनच ना?" तुळजाबाई म्हणाली. "तिचं सांगणं तर आम्ही रोजच ऐकून राह्यलो, बाई."

स्टँडवर भुजंग धावड्याच्या गाडीत चढला. "लेकरं मागू नको," एवढंच त्यानं खिडकीतून सांगितलं.

माहेरी भावजयीनं, प्रभावतीनं, मोरीला गोणपाटाचा आडोसा केला. कळ आली की कौसल्या जागीच थांबून देवीचं नाव घ्यायची, ओसरली की मग उठायची. गोळ्याही लागू पडल्या. दिवाळीपर्यंत ती रेणुकाईच्या आरतीला पहिल्यापासून शेवटपर्यंत उभी राहू लागली. मागणं एकच होतं, लेकरं.

संपत मोठ्या उमेदीनं धावड्याला गेला. "बरी झाली. आता न्या तिला."

"बरी झाली?" तुळजाबाई म्हणाली. "इथं सारखी लागायची, तिथं जाऊन बंद झाली. मंग तो रोग व्हता का आमच्या तुरीतला माणूस व्हता, तूच सांग."

आतून भुजंगची नवी बायको पाणी घेऊन आली. तिच्या कडेवर कौसल्याचं धाकटं होतं.

संपतनं घरी येऊन बहिणीला तेही सांगितलं.