काढायची कमांड

मुरबाडच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर रूमची माणसं तीनच. देशमुख साहेब, शहापूरहून एसटीने येणारी सुनंदा आणि मी. पण अख्ख्या कारखान्यात एसी तिथेच! त्यामुळे ज्याला त्याला आमच्याकडे काम निघायचं. येणारा गार हवा खायचा आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जायचा. हसण्यासारखे त्यातले थोडेच.

*

सुरुवातीला लिनक्स नवीन. काळ्या स्क्रीनवर कमांड देऊन स्टोअरच्या हिशोबाचं पॅकेज टाकायला बसलो. मशीन म्हणालं, आधी दुसरं पॅकेज टाका. ते टाकायला गेलो, तर त्याला तिसरं हवं.

साहेब वैतागले. "हे सॉफ्टवेअर आहे की सोयरीक? बापाला विचारलं तर म्हणतो काकाला विचारा, काका म्हणतो मामाला!"

तिसऱ्या दिवशी मामा सापडला.

*

पॅकेज चालू झालं. स्टोअरचे जानूकाका बघायला आले. बावीस वर्षं रजिस्टर लिहिलेला माणूस. कुठला बोल्ट कुठल्या खणात, डोळे मिटून सांगायचे. आता सुनंदाने एक बटण दाबलं आणि सगळी यादी समोर!

"मग आता मी काय करू गो?"

"आराम करा, काका!" मी म्हणालो. सगळे हसलो. काकाही हसले.

दोन महिन्यांनी त्यांना घरी बसवल्याचं पत्र आलं. जाताना ते आमच्या रूमकडे फिरकले नाहीत.

*

पुढे कपात सुरू झाली. एकदा मी एक जुनं पॅकेज काढत होतो. मशीनने अडवलं. मागे रामा फिटर उभा होता. सकाळीच त्याच्या हातात पत्र पडलेलं.

"काय बोलतंय रे ते?"

"याच्यावर आणखी चार पॅकेजेस अवलंबून आहेत म्हणतंय. हे काढलं तर ती बंद पडतील."

रामा स्क्रीनजवळ सरकला.

"माझ्यामागं पाच हायत," तो म्हणाला. "पत्र काढणाऱ्या मोठ्या सायबाच्या मशीनवर असं काय आलं नाय का रं?"

*

कारखाना बंदची नोटीस लागली, त्याच दिवशी लिनक्सच्या नव्या व्हर्जनची सीडी आली! साहेबांनी पाकीट फोडलं आणि टाकायला सांगितलं.

"साहेब, आता कशाला?"

"शिकून घ्या रे. बाहेर इंटरव्ह्यूत विचारतील."

साहेब पंचावन्न वर्षांचे. खुर्ची ओढून, वही उघडून तेही आमच्या शेजारी बसले.

*

शेवटच्या आठवड्यात कॉम्प्युटरही विकायला काढले. आतलं सगळं पुसून द्या, असा हुकूम. गेटवरचं हजेरीचं मशीन तेवढं उरलं होतं. सुनंदा त्यातली कामगारांची यादी उघडून बसली होती. झाडू मारणाऱ्या सीतामावशी दारात थांबल्या.

"माझं नाव काढलंस का गो?"

सुनंदाने शोधलं. वरून खाली, खालून वर. मावशी ठेकेदाराच्या. अकरा वर्षं झाडलं, पण यादीत नाव कधी चढलंच नव्हतं.

सुनंदाने कीबोर्ड पुढे ओढला. तिने इंग्रजीत नाव टाइप केलं, यादीत घातलं आणि मशीन त्यांच्याकडे वळवलं.

"नाही काढलं अजून, मावशी. हे बघा."

"यातलं माझं कुठलं?"

सुनंदाने बोट ठेवलं. मावशी वाकल्या. पदराच्या टोकाने काचेवरची तेवढीच धूळ पुसली. नीट बघितलं.

"आता काढ," म्हणाल्या.